आजोबा वाणगावला राहिले, त्याची हकीकत

प्रिय नील आणि सई,

आजोबा समुद्र बघायला गेले आणि हरवले, असं तुम्हाला बाबांनी सांगितलं असणार. परवा फोनवर सईने मला विचारलंच, पोलीस आले होते का. पोलीस आले नव्हते. आजोबा हरवलेही नव्हते. ते वाणगावला राहिले आणि मी डहाणूला पोचले, एवढंच झालं. दोन्हींत फरक आहे, आणि उल्हासनगरच्या शाळेत तीस वर्षं वह्या तपासल्यामुळे चुकीचं वाक्य तसंच सोडून देणं मला जमत नाही.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भरभर वाचलं असतं. मी इंग्रजीच शिकवायचे. पण आजोबांचं बोलणं इंग्रजीत घातलं की ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं. तेव्हा सावकाश वाचा आणि अडलं तर आईला विचारा. बाबांना नको.

आत्ताच लिहिण्याचं कारण असं की मे महिन्यात बाबा इथे येणार आहेत आणि आम्ही कुठे राहायचं ते ठरणार आहे. त्याआधी तुम्हाला सगळं माहीत असावं.

दिवाळीनंतर आजोबांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. उजव्या हाताची पकड थोडी सैल झाली. बोलताना एखादा शब्द सापडायला वेळ लागतो, आणि कधी कधी ते नीलला तुमच्या बाबांच्या नावाने हाक मारतात. बाबांचं म्हणणं, आमचं बदलापूरचं, शिरगावातलं घर विकावं आणि आम्ही पुण्याच्या एका वृद्धनिवासात जावं. तिथे पलंगाशेजारी घंटी असते, नर्स असते. मी म्हटलं, आम्हाला घंटी नको. महिनाभर हेच चाललं. शेवटी मी रागाने म्हणाले, "आम्ही दोघं एक दिवस बाहेर जातो आणि संध्याकाळी घरी येतो. काही गडबड झाली नाही, तर तू घराचा विषय काढायचा नाहीस."

बाबा म्हणाले, "आणि झाली तर तू ऐकायचंस."

मी हो म्हणाले. शब्द तोंडातून गेला तो गेला.

बदलापूर, पहाटे

कुठे जायचं ते आजोबांनी ठरवलं. ते छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यातला माणूस. सगळे चढले, दारं बघितली, सिग्नल मिळाला, की तो हात किंवा झेंडी दाखवतो, गाडी हलते, आणि मग तो चढतो. आजोबांची सगळी नोकरी कल्याणहून घाटाकडे गेली, एकीकडे कसारा, दुसरीकडे कर्जत. समुद्राकाठची ती गुजरातकडे जाणारी जुनी लाइन त्यांनी कधी पाहिली नव्हती. इंग्रजांनी ती अगदी सुरुवातीला टाकली. जुने रूळ काढले की तेव्हा ते फेकत नसत. तुकडे करून कुंपणाला आणि छपराला खांब म्हणून लावत. रुळाच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. अंबरनाथपासून नेरळपर्यंतचे असे खांब आजोबांनी एका वहीत उतरवून ठेवले आहेत. डहाणूकडचे बघायचे राहिले होते.

तयारी मी चार दिवस आधीपासून करत होते. एका पिशवीत गोळ्या (सकाळी अकराच्या वेगळ्या पुडीत), दोघांची तिकिटं, दोघांचे फोन, त्यांचं पाकीट, पत्ता लिहिलेलं कार्ड, डॉक्टरांचा कागद, पाणी, टॉवेल. जानेवारीत भाजी आणताना त्यांचं पाकीट पडलं होतं. तेव्हापासून त्यांचे खिसे मी रिकामेच ठेवते. हे लक्षात ठेवा.

आमच्या खालच्या मजल्यावर कमलाभाभी राहतात. त्यांचा जन्म उल्हासनगरच्या, सिंधी निर्वासितांच्या चार नंबर कॅम्पातला. आदल्या संध्याकाळी त्या कोकी घेऊन आल्या. कोकी म्हणजे कांदा, मिरची घालून केलेली जाड खरपूस पोळी. प्रवासात दोन दिवस टिकते. आपल्याकडे दशम्या नेतात तशी सिंधी माणसं कोकी नेतात. जाताना म्हणाल्या, "टीचर, भाईसाबला खिडकीत बसव. दरवाजाकडे जाऊ देऊ नको, रेल्वेवाला आदमी आहे, उतरून जाईल." आजोबा आतून म्हणाले, "भाभी, मला ऐकू येतं. झटका कानाला नाही आला."

बदलापूरहून लोकलने कोपरला आलो, तिथल्या वरच्या फलाटावरून वसईची मेमू घेतली आणि वसईला बदलून डहाणूची. मेमू म्हणजे लांब पल्ल्याची लोकलच म्हणा, इंजिन वेगळं नसतं. डबा जवळजवळ रिकामा होता. आधी खाडी आणि मिठागरं गेली, मग वैतरणेचा लांबलचक पूल, मग भाताची कापलेली खाचरं आणि त्यांत मधूनच उभी ताडाची झाडं. फेब्रुवारीतलं स्वच्छ ऊन होतं. मी त्यातलं फारसं पाहिलं नाही. मी आजोबांचा उजवा हात बघत होते.

वाणगाव

वाणगावला आमची गाडी बाजूच्या लाइनीवर थांबवली. मागून एक्स्प्रेस येत होती, ती आधी जाणार होती. आजोबांना खिडकीतून कुंपणात एक रुळाचा खांब दिसला. म्हणाले, साल वाचून येतो. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "एक्स्प्रेस जाईपर्यंत ही गाडी हलत नाही. एवढं तरी मला कळतं ना अजून?"

त्या 'अजून'मुळे मी पाय बाजूला घेऊन त्यांना वाट दिली.

ते डाव्या हाताने दांडा धरून नीट उतरले, खांबाजवळ गेले, वाकले. एक्स्प्रेस धाडधाड करत गेली. मी हाक मारली. ते परत आले, पण आमच्या दाराशी एक बाई ढोबळ्या मिरच्यांची दोन पोती चढवत होती, ती चढवायला त्यांनी हात लावला. बाई चढली, पोती चढली. आजोबा खाली. सिग्नल पिवळा, म्हणजे गाडीला निघायला मोकळा, झालेला त्यांनी पाहिला. मग त्यांनी मागे शेवटच्या डब्यापर्यंत पाहिलं, पुढे पाहिलं, आणि ताठ उभं राहून हात वर केला.

गाडी निघाली.

ती त्यांच्या हाताने निघाली नव्हती, खऱ्या गार्डाने घंटी दिली म्हणून निघाली. पण मला दिसलं ते असं, की आजोबांनी हात केला आणि गाडी मला घेऊन गेली. ते दाराकडे चालत आले. धावले नाहीत. दांड्याला हात घातला तोवर दांडा पुढे गेला होता. माझ्या खिडकीसमोरून ते मागे गेले. चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं.

वर साखळी होती. मी उठून तिच्याखाली उभी राहिले. विनाकारण साखळी ओढणं गुन्हा आहे, हे आजोबांनीच मला लग्नानंतर पहिल्या प्रवासात शिकवलं होतं. हे पुरेसं कारण आहे का, याचा विचार करेपर्यंत फलाट संपला. व्यवस्थित माणसांना घाईत काही करता येत नाही.

मिरचीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "तो म्हातारा तुमचा? मला वाटलं, रेल्वेचा हाय."

मी म्हटलं, होता.

डहाणू रोड

पुढचं स्टेशन डहाणूच. ती दहा-बारा मिनिटं मी उभीच होते. त्यांचा फोन माझ्या पिशवीत वाजेल असं उगाच वाटत राहिलं. तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहिते: माझ्या मनात पहिला विचार आला तो बाबांशी लावलेल्या पैजेचा. आजोबांचा विचार दुसरा आला. त्याची मला अजून लाज वाटते.

बाईंनी आपली पोती एका ओळखीच्या माणसाजवळ टाकली आणि माझा दंड धरून मला स्टेशनच्या ऑफिसात नेलं. सुमनबाई त्यांचं नाव, वाणगावच्या पुढे एका पाड्यावर राहतात, दर बुधवारी मिरची घेऊन डहाणूच्या बाजाराला येतात. ड्युटीवर एक तरुण साहेब होते. त्यांनी मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि वाणगावला फोन लावला. तिकडचा माणूस फलाटावर बघायला गेला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. अकराची गोळी रक्त पातळ ठेवायची, ती चुकवायची नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं.

उत्तर आलं. फलाटावर म्हातारं माणूस कुणी नाही. दुसऱ्या फलाटावर नाही, बाकांवर नाही, शौचालयातही पाहिलं.

दोन रुळांमध्ये चालणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे यायला लागला. छत्तीस वर्षं ज्याने गाड्यांमध्ये काढली तो रुळांच्या कडेने चालत निघायला घाबरणार नाही. आणि त्या लाइनीवर दर थोड्या वेळाने एक्स्प्रेस जाते.

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "आजी, त्यांना विसरायला होतं का?"

मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, कधी कधी. यातलं खरं कुठलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी हात का वर केला, हा प्रश्न गाडी सुटल्यापासून माझ्या डोक्यात होता. खांब बघायला उतरणं मी समजू शकते. पण आपण प्रवासी आहोत, गार्ड नाही, हे ज्याला क्षणभर आठवलं नाही, तो पुढच्या क्षणी काय काय विसरेल?

साहेबांनी विचारलं, त्यांच्याजवळ फोन, पैसे, ओळखपत्र काय आहे. मी पिशवी टेबलावर उपडी केली. फोन निघाला. पाकीट निघालं. पत्त्याचं कार्ड, चष्म्याची जास्तीची जोडी, सगळं निघालं.

सुमनबाई म्हणाल्या, "मंग त्याच्याकडं काय ठिवलंस, आजी? नुसता सदरा?"

साहेबांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. मला राग यायला हवा होता, पण माझं लक्ष टेबलावरच्या तिकिटांकडे गेलं. दोन तिकिटं. एक माझं, एक त्यांचं.

मी म्हटलं, "ते फलाटावर नसणारच. त्यांच्याकडे तिकीट नाही."

साहेबांना कळेना. फलाटावर तिकीट कोण विचारणार होतं? मी त्यांना सांगितलं, विचारण्याचा प्रश्न नाही. हा माणूस मला कल्याणला सोडायला यायचा तेव्हा, अंगात गार्डाचा कोट नसेल तर, आधी फलाट-तिकीट काढायचा. सगळे ओळखीचे असून काढायचा. तिकिटाशिवाय ते रेल्वेच्या हद्दीत उभे राहणार नाहीत. हद्द जिथे संपते तिथे बघा.

साहेबांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि फोनवर तसंच सांगितलं.  सुमनबाईंनी माझा हात धरला होता, त्यांच्या हाताला मिरचीचा वास येत होता. त्या म्हणाल्या, "हरवायचं असतं ते पोरांनी, आजी. म्हातारं कुठं जातं?"

सात मिनिटांनी फोन वाजला. स्टेशनच्या पायऱ्या उतरल्यावर रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तिच्या शेजारच्या दगडावर एक पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा बसले आहेत. चहा दिला तर घेत नाहीत, पैसे नाहीत म्हणतात. तिकडच्या माणसाने आपला मोबाइल आजोबांच्या कानाला लावला आणि साहेबांनी इकडचा फोन माझ्या हातात दिला.

आजोबांचा पहिला प्रश्न असा: "डहाणूला गाडी वेळेवर पोचली का गं?"

 मी म्हटलं, तिथेच थांबा, मी येते.

"मास्तरीणबाई, तू हलायचं नाहीस. दोघं हललो तर चुकामूक होईल. पुढे गेलेल्याने थांबायचं, मागच्याने यायचं."

तिथल्या खलाशाने, म्हणजे स्टेशनातल्या हरकाम्याने, त्यांना तिकीट काढून दिलं. पुढची गाडी तासाभराने होती. सुमनबाईंचा बाजार उशिरा होत होता, तरी त्या माझ्याजवळ पंधरा मिनिटं बसल्या, मग गेल्या. जाताना माझ्या पदरात चार मिरच्या टाकल्या आणि बजावलं की आता म्हाताऱ्याच्या खिशात काहीतरी ठेव.

गाडी आली. मी मधल्या डब्यांकडे बघत होते. आजोबा शेवटच्या डब्यातून उतरले, तेही सगळे उतरल्यावर. मी तिथेच त्यांना गोळी दिली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पाणी पिऊन ते म्हणाले, "आमच्या जुन्या गाडीला हलायला वेळ लागायचा. इंजिन ओढायचं, डबे एकेक करून हलायचे. हात केला तरी आपल्याला चढायला सवड असायची. ही हलली तीच पळाली."

थोडं चालल्यावर ते थांबले.

"पण मी हात का केला, ते मला माहीत नाही," ते म्हणाले.

समुद्र

तिथून सरळ घरी परतावं असं मला वाटत होतं. आजोबा म्हणाले, तिकीट घोलवडपर्यंत आहे. पुढे जाणाऱ्या गाडीला बराच वेळ होता, म्हणून आम्ही रिक्षा केली.

डहाणूपासून बोर्डीपर्यंत रस्ता समुद्राच्या कडेने जातो. एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्यातून दिसणारं पाणी, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. वाड्या इतक्या गर्द की दुपारी बारा-एकलाही आत संध्याकाळ वाटते. मध्ये कोळ्यांची वस्ती लागली. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकले होते, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून. रिक्षावाला मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरायचा, आपल्या उल्हासनगरात माणसं सिंधी-हिंदीत शिरतात तसाच. मी हे सगळं पाहत होते आणि आजोबांचा सदरा मुठीत धरून होते. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

बोर्डीला एका पारशी बाईंच्या घरी पाहुण्यांना जेवण देतात. भाताबरोबर डाळ आणि वर तळलेला कांदा, भाजीतसुद्धा गोडाची चव. आपल्या आमटीला गूळ लागतो, पण यांचा हात त्याहून सढळ. शेवटी चिकूचा हलवा. बाई जुन्या घराचं, त्यांच्या वाडवडिलांच्या वेळच्या झाडांचं बोलत होत्या. आजोबा मन लावून जेवले. माझ्या पानातली कोशिंबीर मी नुसती चिवडत होते.

किनारा फार रुंद आहे. ओहोटी होती, पाणी इतकं आत गेलं होतं की समुद्र म्हणजे फक्त एक चकाकती रेघ. वाळू काळसर, घट्ट, पाय रुतत नाही. त्या वाळूवर आम्ही दोघंच चालत होतो. आजोबांनी तुमच्या बाबांविषयी विचारलं, त्याला काय सांगणार आहेस?

मी दोन तास हाच विचार करत होते. सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. आम्ही संध्याकाळी घरी पोचणार होतो, गोळी थोडी उशिरा झाली एवढंच. साहेबांना, सुमनबाईंना तुमच्या बाबांचा पत्ता माहीत नाही. मी म्हटलं, दिवस छान गेला असं सांगेन. छान गेलाच आहे की आता.

आजोबा बराच वेळ शब्द शोधत होते. मग नीट बोलले. "गाडी लेट झाली की आम्ही वहीत कारण लिहायचो. गाय आडवी आली, तर गाय. माझी चूक, तर माझी चूक. कारण लिहिलं म्हणजे साहेब माफ करायचा असं नाही. पण लिहायचो."

मी म्हटलं, "घर जाईल हो."

ते म्हणाले, "जाईल."

घोलवड

परतीची गाडी घोलवडहून होती. स्टेशन लहान आहे. नव्या लाइनींचे उंच खांब आणि तारा सगळीकडे, त्यांच्यामध्ये जुनी बसकी इमारत, उतरतं छप्पर, जाड भिंती. आजोबांनी भिंतीला हात लावून पाहिला, मग छपराच्या खांबांवरून बोट फिरवत चालले. एका खांबावरची अक्षरं मी त्यांना वहीत लिहून दिली, कारण त्यांच्या उजव्या हाताने ती वाकडी आली असती. परतीची तिकिटं तिथल्याच खिडकीवर काढून मी त्यांच्या खिशात ठेवली. दोन्ही.

गाडी आली.  आजोबा दाराशी थांबले, मागे शेवटच्या डब्यापर्यंत पाहिलं, पुढे पाहिलं. मग दांडा धरून माझ्याआधी चढले आणि मला वर घ्यायला हात पुढे केला. छपन्न वर्षांच्या संसारात ते माझ्याआधी गाडीत चढल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. आत बसल्यावर मी खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी साडेसातला शिरगावला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, हात वर केल्याचंसुद्धा. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, आपण कुठे आहोत हे त्यांना पूर्ण वेळ कळत होतं का? मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, हात का केला ते कळलं होतं का? मी म्हटलं, नाही.

मग बाबा म्हणाले, "आई, आपलं ठरलं होतं."

मी म्हटलं, ठरलं होतं.

म्हणून मे महिन्यात ते येतील आणि मी ऐकेन. शब्द दिला आहे. तोवर जे आहे ते असं आहे. घोलवडच्या जुन्या इमारतीत अजून तिकिटं मिळतात. शिरगावचं घर आमच्या नावावर आहे. आणि कुठे उभं राहायचं, कुठे नाही, हे आजोबांना कुणी न सांगता अजून कळतं.

तुमची,
आजी